दार उघडताच मशीन थांबलेच पाहिजे

दर आठवड्याला या सदरात मी ताप, खोकला, साखर, रक्तदाब यांविषयी लिहितो. आज एका स्विचविषयी लिहिणार आहे. डॉक्टरांना हे काय सुचले, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्यांच्या घरातला मुलगा, भाऊ किंवा नवरा औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशिनवर उभा राहतो, त्यांना हा विषय रक्तदाबाइतकाच जवळचा वाटेल. आपल्या कोल्हापुरात अशी घरे थोडीथोडकी नाहीत. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फौंड्रीतून निघालेल्या कास्टिंगवर काम करणारी शेकडो मशिने रात्रंदिवस चालतात. त्यांतली कितीतरी जुनी आहेत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दवाखाना बंद करून निघण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोन मुले आली. मागे बसलेल्याने उजवा हात छातीशी धरला होता. हातावर कॉटन वेस्टचा बोळा होता आणि तो लाल झाला होता. वय २३-२४. आयटीआय झालेला, व्हीएमसीवर म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशिनवर ऑपरेटर. "डॉक्टर, चिप्स काढायला गेलो आणि..." एवढेच तो बोलला.

बोळा काढून पाहिले. तर्जनीची पुढची दोन पेरे नव्हती. मधल्या बोटाचे टोक चिरडले होते. सोबतच्या मित्राने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. शेजारच्या थंड पेयाच्या दुकानातून त्याने बर्फ मागून आणला होता आणि तुटलेला तुकडा थेट त्या बर्फात ठेवला होता. बिचाऱ्याने चांगल्या हेतूनेच केले होते. पण तुकडा पांढराफटक पडला होता. मी दाबून पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि प्लॅस्टिक सर्जनकडे पाठवले. बोट जोडता आले नाही.

मुले गेल्यावर अर्ध्या तासाने शॉपचा सुपरवायझर आला. माणूस सभ्य. खुर्चीच्या कडेवर बसून हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, केसपेपरवर घरी दारात बोट सापडलं असं घालाल का? उगाच पोराच्या मागं लचांड नको."

मी नाही म्हटले. पण वाचकहो, हे सांगताना मला मोठेपणा मिरवायचा नाही. पंधराएक वर्षांपूर्वी अशीच विनंती एका मालकाने केली होती, तेव्हा मी नाही म्हटले नव्हते. खोटे लिहिले नाही, पण खरेही लिहिले नाही. कागदावर फक्त "हाताला जखम" एवढे लिहिले. कुठे झाली, कशी झाली, हे कोरे सोडले. पुढे त्या मुलाने भरपाई मागितली, तेव्हा माझा कागद त्याच्या काही उपयोगी पडला नाही. तो माझ्याकडे पुन्हा आला नाही. रस्त्यात दिसला की नमस्कार करतो, डाव्या हाताने. हा लेख लिहायला मला कोणी सांगितले असेल, तर त्या डाव्या हाताने.

लक्ष कुठे होते?

बोट कापून आलेल्या कामगाराला आम्ही डॉक्टर मंडळी टाके घालता घालता एक प्रश्न हमखास विचारतो. "अरे, लक्ष कुठे होते तुझे?" मालकही तेच विचारतो. घरी आईही तेच विचारते. तीन ठिकाणी तोच प्रश्न ऐकून त्या मुलालाही वाटू लागते की, चूक आपलीच. मीही २८ वर्षे हा प्रश्न विचारत आलो. आता विचारत नाही. तो प्रश्नच चुकीचा आहे, असे माझे मत झाले आहे.

थोडा हिशेब करू. डोळ्यांना काही दिसल्यापासून हात मागे हलू लागेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. हा देहधर्म आहे. ताजातवाना, निर्व्यसनी, हुशार तरुण घेतला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. आता मशीन काय करते ते पाहा. मिनिटाला ६,००० फेरे घेणारा स्पिंडल सेकंदाला १०० फेरे घेतो, म्हणजे पाव सेकंदात २५. कटरला ४ धारा असतील तर त्या पाव सेकंदात एकाच जागेवरून १०० धारा जातात. टेबल मिनिटाला २० मीटर वेगाने सरकत असेल, तर पाव सेकंदात ते ८ सेंटिमीटर पुढे येते. मधे हात असेल तर तो फिक्स्चर आणि मशिनचा सांगाडा यांच्यात चेपायला एवढे अंतर पुरते.

म्हणजे हात एकदा आत गेल्यावर सावधपणाचा उपयोग संपलेला असतो. मशिनला माणसाचा हात आणि बिडाचा तुकडा यांतला फरक कळत नाही. म्हणून हात आत असताना मशीन फिरता कामा नये आणि मशीन फिरत असताना हात आत जाता कामा नये. ही हमी माणसाच्या लक्षावर सोपवता येत नाही. बारा तासांच्या पाळीत नवव्या तासाला कोणाचेच लक्ष पहिल्या तासासारखे नसते. घरचे आजारपण, बहिणीचे लग्न, डोक्यावरचे कर्ज हे सगळे घेऊनच माणूस मशिनपुढे उभा असतो.

इंटरलॉक म्हणजे काय?

जुन्या इमारतीतली जाळीच्या दाराची लिफ्ट आठवा. जाळी नीट ओढून लावल्याशिवाय बटण कितीही दाबा, लिफ्ट हलत नाही. कोणी "कृपया दार लावा" अशी पाटी वाचो न वाचो. दार आणि मोटार यांची अशी सांगड घातलेली असते की, एक उघडे तर दुसरे बंद. यालाच इंटरलॉक म्हणतात. घरातल्या पुढून दार असलेल्या वॉशिंग मशिनचे दारही ड्रम फिरत असताना उघडत नाही. साड्या धुणाऱ्या यंत्राला आपण जी सोय दिली, ती पोलाद कापणाऱ्या यंत्राला नको का?

सीएनसी मिलिंग मशिनच्या दाराला असा स्विच असावा, ही काही नवी कल्पना नाही. चांगल्या कंपनीच्या नव्या मशिनवर तो असतो. प्रश्न जुन्या मशिनांचा आहे. काहींवर तो मुळातच नव्हता. काहींवर साधा लिमिट स्विच होता आणि तो कधीच निकामी झाला. आणि बऱ्याच मशिनांवर तो आहे, पण मुद्दाम मुका केलेला आहे.

मी पाहिलेले शॉप

त्या मुलाच्या शॉपचे मालक माझ्या ओळखीचे. त्यांच्या आईचे औषधपाणी माझ्याकडेच. त्यांना म्हटले, "मला एकदा मशीन दाखवा." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. रविवारी सकाळी गेलो. सोबत माझा एक जुना पेशंट होता, मशिनांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेला इलेक्ट्रिशियन. मशिनचे वय २० वर्षांच्या पुढे. सेकंडहँड घेतलेले. दाराच्या वरच्या कोपऱ्यात स्विच दिसत होता. त्यात दाराला असायला हवी ती पोलादी जीभ, म्हणजे स्विचची चावी, सुटी काढून कायमची खोचून ठेवली होती आणि वरून चिकटपट्टी मारली होती. मशिनला वाटावे, दार बंदच आहे. वीस वर्षे मशिनला असे फसवले होते आणि एका रात्री मशिनने त्याची किंमत वसूल केली.

त्या रात्री काय झाले, तेही कळले. प्रोग्राम संपला होता. मुलाने दार सरकवले. स्पिंडलची वीज तुटली होती, पण तो पूर्ण थांबला नव्हता. पंखा बंद केल्यावर पाती काही वेळ फिरत राहतात तसेच. ट्यूबलाइटच्या उजेडात गुळगुळीत कटर फिरतो आहे की उभा, हे चटकन कळत नाही. वर्कपीसवर अडकलेला धातूचा कीस त्याने हाताने ओढायला घेतला. हातात मोजा होता. फिरत्या हत्याराजवळ मोजा हा मित्र नसून वैरी असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मोज्याचा धागा कटरमध्ये अडकला आणि बोट आत ओढले गेले.

मी मालकांना विचारले, "ही चावी कोणी खोचली?" ते म्हणाले, "मशीन आलं तेव्हापासनं तशीच आहे, डॉक्टर. आणि खरं सांगू? काढली तर काम होत नाही."

त्यांचे म्हणणे मी शांतपणे ऐकून घेतले, कारण त्यात तथ्य होते. नवा जॉब लावताना सेटरला दार उघडे ठेवून टूल वर्कपीसला टेकवावे लागते. दर वेळी दार उघडले की मशीन बंद, हे परवडत नाही. स्विचमध्ये कुलंट आणि कीस जाऊन पाळीत दोन-तीनदा विनाकारण अलार्म येतो. ग्राहक नगावर पैसे देतो, एका नगाला किती सेकंद लागले ते मोजतो. "आम्हाला काय पोरांची बोटं तोडायची हौस आहे का?" असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

माझे मत इथेच पक्के झाले. इंटरलॉक चुकवणारा कामगार गुन्हेगार नसतो. काम अडवणारा इंटरलॉक कोणीही चुकवणारच. म्हणून नुसता स्विच बसवून भागत नाही, तो चुकवण्याची गरजच पडू नये असा बसवावा लागतो. दाराच्या इंटरलॉकसाठी आयएसओ १४११९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. इंटरलॉक चुकवण्याचा मोह कसा कमी करावा, याचा विचार त्यातही केलेला आहे. म्हणजे ही अडचण फक्त आपल्या उद्यमनगरची नाही, साऱ्या जगाची आहे.

बसवायचा तर कसा?

वायरिंग शिकवणे हे माझे काम नाही. ते जाणकार माणसाकडूनच, मशिनचे सर्किट ड्रॉइंग समोर ठेवून करून घ्यावे. पण मालकाने आणि कामगाराने काय मागावे, हे माझ्या इलेक्ट्रिशियन मित्राने मला समजावले. ते सोप्या शब्दांत देतो.

पहिली गोष्ट, स्विच सुरक्षेसाठीच बनवलेला हवा. साध्या लिमिट स्विचचे टोक स्प्रिंगवर परत येते. स्प्रिंग तुटली किंवा आतले कॉन्टॅक्ट चिकटले, तर दार उघडूनही मशिनला कळत नाही. सुरक्षा स्विचमध्ये दाराच्या ओढीनेच कॉन्टॅक्ट जबरदस्तीने उघडले जातात. चावीचा आकार साधा नसावा, स्क्रू सहज निघणारे नसावेत. चुंबकाने फसणार नाही असे सांकेतिक, न टेकता चालणारे स्विचही मिळतात. जिथे कीस आणि कुलंट फार, तिथे ते अधिक टिकतात.

दुसरी गोष्ट, दाराचा निरोप फक्त कंट्रोलच्या संगणकाला देऊन थांबू नये. जुना कंट्रोल अडखळला तर निरोप वाटेतच राहील. दोन स्वतंत्र तारांनी निरोप सेफ्टी रिलेकडे जावा. एक तार तुटली किंवा चिकटली, तरी दुसरीने मशीन थांबावे आणि बिघाड दुरुस्त होईपर्यंत पुन्हा सुरू होऊ नये. डॉक्टरही महत्त्वाच्या वेळी एकाच तपासणीवर विसंबत नाहीत, तसेच हे.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. दार उघडताच सगळी वीज धाडकन तोडणे हा उपाय वाटतो, पण जुन्या मशिनवर तो उलटू शकतो. बऱ्याच मशिनांत स्पिंडलला ब्रेक लावण्याचे काम ड्राइव्हच करतो. त्याची वीजच गेली तर स्पिंडल उलट जास्त वेळ फिरत राहतो. आणि उभ्या मशिनचे डोके जिच्यावर खालीवर होते, त्या झेड अक्षाचा ब्रेक झिजला असेल तर वीज जाताच डोके खाली सरकू शकते. म्हणून आधी ताब्यात ठेवून थांबवणे, मग वीज तोडणे, असा क्रम हवा. झेडचा ब्रेक इंटरलॉकआधी तपासून घ्यावा.

चौथी गोष्ट, स्पिंडल थांबायला वेळ घेत असेल तर नुसता स्विच पुरत नाही, दाराला कुलूपही हवे. स्पिंडल पूर्ण उभा राहिल्यावरच सुटणारे कुलूप असलेले इंटरलॉक मिळतात. त्या मुलाच्या मशिनवर असे कुलूप असते, तर त्याची तर्जनी आज जागेवर असती.

पाचवी गोष्ट सेटिंगची सोय. हीच नसते म्हणून स्विच मुका होतो. चावीचा एक निवड स्विच ठेवावा. सेटिंगवर असताना दार उघडे चालेल, पण मशीन अगदी सावकाश चालेल आणि तेही बटण दाबून धरले असेल तोवरच. हात सुटला की थांबले. स्वयंचलित प्रोग्राम त्या अवस्थेत चालणार नाही. चावी सेटरच्या खिशात राहावी, मशिनला लटकलेली नको. ही सोय दिली की निम्मी चिडचिड संपते. आणि दार नुसते बंद केल्याने मशीन आपोआप सुरू होऊ नये, त्यासाठी सायकल स्टार्टचे बटण पुन्हा दाबावेच लागावे.

सहावी गोष्ट दाराच्या खिडकीची. ती साधी काच नसते, पॉलिकार्बोनेटची असते. तुटलेला कटर किंवा सुटलेला वर्कपीस बंदुकीच्या गोळीसारखा येतो, तो तिने अडवायचा असतो. कुलंट आणि तेलाने ही खिडकी वर्षांगणिक कमकुवत होते. धुरकट झाली, बारीक तडे दिसू लागले की बदलावी. तिथे कपाटाची काच किंवा साधे ॲक्रिलिक बसवू नये. बंद दाराचा आणखी एक फायदा माझ्या धंद्यातला आहे. कुलंटचे तुषार आत राहतात. हातावर खाज येणारे, सतत खोकणारे ऑपरेटर माझ्याकडे येतात, त्यांतल्या काहींचे निम्मे औषध त्या दारातच आहे.

शेवटची गोष्ट, रोजची तपासणी. पाळीच्या सुरुवातीला, मशीन मोकळे असताना दार उघडून पाहावे. थांबले तर काम सुरू. नाही थांबले तर मशीन बंद आणि मेंटेनन्सला बोलावणे.

खर्चाचे काय?

साध्या व्यवस्थेचा खर्च हजारांत जातो. दाराचे कुलूप आणि सेटिंगची सोय धरली तर वाढतो. मालक म्हणाले, "धंदा मंदीत आहे." मी त्यांना दुसरा हिशेब दाखवला. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या एकेका भागाची टक्केवारी दिलेली होती. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे धरायचे, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, तर्जनीची दोन पेरे गेली तर ११ टक्के. कागदावर ११ टक्के. पण मायक्रोमीटर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत फिरवतात. शर्टाचे बटण, पेन, भाकरीचा तुकडा, सगळे त्याच चिमटीत. आईने त्याचे स्थळ पाहायला सुरुवात केली होती, तेही थांबले. ही टक्केवारी कोणत्या परिशिष्टात आहे?

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम कुंपण हवे आणि तो भाग फिरत असताना ते जागेवर असले पाहिजे, हे १९४८च्या कारखाने कायद्यातच लिहिलेले होते. पुढे कायद्यांची नावे बदलली, तत्त्व बदललेले नाही. पण कायद्याच्या कक्षेत यायला कामगारांची किमान संख्या लागते. चार-पाच माणसांचे जॉबवर्कचे शॉप त्यात बसत नाही. बोट मात्र चार माणसांच्या शॉपमध्येही तेवढेच तुटते.

"जुन्या मशिनला नवे नियम कशाला?" असे काही जण म्हणतील. युरोपातही हा प्रश्न आला होता. तिथल्या देशांच्या समूहाने १९८९ साली कामाच्या यंत्रांविषयी एक निर्देश काढला आणि आधीपासून वापरात असलेल्या यंत्रांनाही किमान सुरक्षेच्या पातळीवर आणण्यासाठी १९९६च्या अखेरपर्यंत मुदत दिली. जुने म्हणून सूट दिली नाही, वेळ दिला. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. उद्या सकाळी सगळी मशिने बंद करा, असे मी म्हणत नाही. पण तारीख ठरवा.

आपल्याकडे उद्योजकांच्या संघटना रक्तदान शिबिर घेतात, डोळे तपासणीचे शिबिर घेतात. त्यांनी मशिनांचे एक शिबिर घ्यावे, अशी माझी जाहीर सूचना आहे. दोन-तीन जाणकार इलेक्ट्रिशियन आठवडाभर शॉपमधून फिरवावेत. कोणत्या मशिनला इंटरलॉक नाही, कुठे मुका केला आहे, कुठे खिडकी बदलायला हवी, याची यादी करावी. स्विच आणि रिले एकत्र घेतले तर छोट्यांनाही परवडतील. रक्तदान हवेच, पण रक्त सांडूच नये ही व्यवस्थाही तितकीच पुण्याची.

तोपर्यंत

इंटरलॉक बसेपर्यंत ऑपरेटर मित्रांनी एवढे पाळावे. स्पिंडल पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत हात आत घालू नये. कीस काढायला ब्रश किंवा आकडा वापरावा, हात नाही. फिरत्या हत्याराजवळ मोजे नकोत. अंगठी, मनगटातला गंडादोरा, कडे, राखी पाळीपुरते काढून ठेवावे. देव रागावत नाही. सैल बाह्या नकोत. एक जण आत हात घालून काम करत असताना दुसऱ्याने पॅनलला हात लावू नये.

आणि दुर्दैवाने बोट तुटलेच तर घाबरून जाऊ नये. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. हळद, चहापूड, ग्रीस काहीही लावू नये. सुतळीने किंवा तारेने आवळू नये. तुटलेला भाग शोधावा, स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फात किंवा थेट पाण्यात कधीही ठेवू नये. असा नीट गार ठेवलेला बोटाचा तुकडा काही तासांनंतरही जोडता येण्याची शक्यता असते. तरी एक मिनिटही वाया घालवू नये. माझ्यासारख्याच्या दवाखान्यात वेळ घालवण्यापेक्षा प्लॅस्टिक सर्जन असलेल्या रुग्णालयाला आधी फोन करून थेट तिकडे जावे. हे कागदावर लिहून प्रत्येक शॉपच्या भिंतीवर लावावे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. कामावर झालेली जखम कामावरच झाली, असे लिहा. कोणत्या मशिनवर, दार उघडे होते की बंद, हेही विचारा आणि लिहा. आपण खरे लिहिले नाही, तर हे अपघात झालेच नाहीत असे होते. न झालेल्या अपघातावर कोणी पैसे खर्च करत नाही.

त्या शॉपमध्ये आता इंटरलॉक बसला आहे, कुलपासकट. पहिले पंधरा दिवस पोरांनी कुरकुर केली. दार लवकर उघडत नाही म्हणाले. आता सवय झाली. परवा मालक आईचे औषध न्यायला आले होते. म्हणाले, "डॉक्टर, नग पहिल्यासारखेच निघतात. उगाच घाबरत होतो." तो मुलगा त्याच शॉपमध्ये आहे, तपासणीच्या टेबलावर. मायक्रोमीटर डाव्या हाताने फिरवायला शिकतो आहे.

वाचकहो, आज घरी तुमचा मुलगा पाळीवरून आला की जेवताना त्याला एवढेच विचारा, "बाळा, तुझ्या मशिनचं दार उघडलं की मशीन थांबतं का रे?" तो नाही म्हणाला, तर उद्या सकाळी त्याच्या मालकांशी बोला. भांडू नका, बोला. ते ऐकत नसतील तर हा लेख कापून त्यांच्या टेबलावर ठेवा.